मंगळावरचं पाणी: गोड का खारं?

आमच्या भागात कुणाच्या शेतात नवी बोअर झाली की विचारणारा आधी "किती इंच लागलं?" असं विचारत नाही, "कसं लागलं?" असं विचारतो. बाहेरच्या माणसाला याची गंमत वाटते. पण ज्याला खारपाणपट्टा माहीत आहे त्याला वाटणार नाही.

सोनाळा हे गाव बुलडाणा जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात. मागे सातपुडा, पुढे पूर्णेचं खोरं. डोंगरातून वाहून आलेले गोटे नि वाळू पायथ्याशी साठलेली, म्हणून पायथ्याच्या पट्ट्यात पाणी खोल असलं तरी गोड. संत्र्याच्या बागा त्याच्याच जिवावर उभ्या आहेत. तिथून दक्षिणेला, पूर्णेच्या दिशेनं निघालात की माती काळी, चिकट आणि खोल होत जाते आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. बुलडाणा, अकोला आणि अमरावती अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. कारण तसं साधं आहे. बारीक गाळाची जाड थप्पी, उतार नावापुरता, पाण्याला निचरा नाही. वर ऊन असं की मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. हजारो वर्षं पाणी आलं, थांबलं, उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. बोअर जितकी खोल न्यावी तितकं पाणी जास्त खारं, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

आता मंगळावरच्या गाड्यांबद्दल लिहायला बसलेला माणूस विहिरींत का शिरला, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण आमचे मोठेबाबा. २००४ च्या मार्च महिन्यात पेपरात बातमी होती की मंगळावर उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटी नावाच्या गाडीला तिथं एके काळी पाणी असल्याचा पुरावा मिळाला. मी ती मोठ्या उत्साहानं वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेका, पानी भेटलं हे ठीक हाये. पन गोड हाये का खारं?"

घरातले सगळे हसले. मीही हसलो. पुढे वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की गेल्या वीस-बावीस वर्षांत मंगळावरच्या संशोधनानं जे केलं ते या एका प्रश्नाचं उत्तर शोधणं आहे. आणि त्या शोधात आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा, लोणारचा, चांगला मोठा वाटा आहे. हे आमच्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडी पूर्वपीठिका. मंगळावर चालणारं यंत्र नेण्याचा पहिला प्रयत्न रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा. २ डिसेंबर १९७१ रोजी मार्स ३ हे यान तिथं अलगद उतरलं. त्याच्या पोटात एक छोटं यंत्र होतं, चाकांवर नाही तर घसरपट्ट्यांवर पाय टाकत जाणारं, केबलनं यानाला बांधलेलं. पण यान उतरल्यावर थोड्याच वेळात गप्प झालं आणि ते यंत्र कधी बाहेर आलंच नाही. त्यानंतर पंचवीस वर्षं काही नाही. व्हायकिंग यानं १९७६ साली उतरली, पण ती एका जागी बसून होती. मग ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर उतरलं, फुग्यांच्या गादीवर उड्या मारत, आणि त्यातून सोजर्नर बाहेर आली. साडेदहा किलोची, सहा चाकांची. तीन महिन्यांत सगळं मिळून शंभर मीटरच्या आसपास फिरली. आपल्याकडचं लहान पोर एका सकाळी त्याहून जास्त फिरतं! पण परक्या ग्रहावरच्या दगडापाशी जाऊन त्याला नाक लावणारी पहिली गाडी तीच.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या गाड्या कुणी खेळण्यासारख्या रिमोटनं चालवत नाही. मंगळापर्यंत संदेश जायला अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं लागतात. तुम्ही "थांब" म्हणेपर्यंत गाडी खड्ड्यात गेलेली असेल. म्हणून दिवसभराचा कामाचा बेत एकदम पाठवायचा, संध्याकाळी ती काय केलं ते कळवते, मग रात्रभर बसून दुसऱ्या दिवसाचा बेत. सालदाराला सकाळीच सगळी कामं सांगून मालक परगावी जावा, तसं.

तर २००४. जानेवारीतले दोन रविवार. ४ तारखेला आपल्याकडे सकाळचे दहा वाजून गेले होते तेव्हा स्पिरिट गुसेव्ह नावाच्या विवरात उतरली आणि २५ तारखेला ऑपॉर्च्युनिटी मेरिडियानीच्या मैदानावर. दोघींचं आयुष्य ठरवलेलं नव्वद मंगळदिवसांचं. स्पिरिट सहा वर्षं बोलत राहिली आणि ऑपॉर्च्युनिटी चौदा वर्षांहून जास्त. ४५ किलोमीटर चालली ती. १० जून २०१८ ला धुळीच्या वादळात तिचा शेवटचा संदेश आला.

दोघींपैकी मला स्पिरिटची गोष्ट जास्त आवडते, कारण तिची सुरुवात फजितीनं झाली. गुसेव्ह विवर १६६ किलोमीटर रुंद. त्यात दक्षिणेकडून एक प्रचंड कोरडी दरी येऊन मिळते. म्हणजे इथं तळं असणार, तळ्याचा गाळ असणार, गाळात पाण्याचा इतिहास असणार, असा शास्त्रज्ञांचा हिशेब. आणि गाडी उतरली तर समोर काय? काळा दगड. बेसाल्ट. नजर पोचेल तिथवर लाव्हारसाचा थिजलेला खडक. आपल्या दख्खनच्या पठारासारखाच! त्या खडकात ऑलिव्हिन नावाचं खनिज होतं. ते पाण्यात फार काळ टिकत नाही, आणि इथं तर ते शाबूत. तळं असलंच तर त्याच्यावर नंतर लाव्हा पसरला होता. स्पिरिटला पाण्याच्या खुणांसाठी दोनेक किलोमीटरवरच्या टेकड्यांपर्यंत चालत जावं लागलं.

ऑपॉर्च्युनिटी मात्र नशीब घेऊन आली होती. बावीस मीटरच्या एका लहानशा विवरात घरंगळत जाऊन थांबली आणि डोळे उघडले तो समोर थरांचा खडक. त्या खडकात जांभळाच्या बियांएवढ्या नि त्याहून लहान लोखंडी गोळ्या, आणि जॅरोसाइट नावाचं खनिज. जॅरोसाइट तयार व्हायला पाणी लागतं, पण ते आम्ल असावं लागतं. शिवाय दगडात सल्फेट क्षारांचं प्रमाण इतकं, की काही ठिकाणी वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे पाणी होतं, पण कसलं? आंबट आणि खारट. पृथ्वीवरच्या बहुतेक जिवांना त्यात जगणं कठीण. मोठेबाबांच्या प्रश्नाचं २००४ चं उत्तर हे असं होतं. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग काय कामाचं?"

आता जरा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. सोनाळ्याहून वरवट बकाल, शेगाव, खामगाव, आणि मग घाट चढून पठारावर मेहकर, तिथून लोणार. खोऱ्यातला गाळ मागे पडतो आणि पायाखाली काळा पाषाण येतो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. या थरांत एक खड्डा आहे. जवळजवळ गोल, काठापासून काठापर्यंत सुमारे १८३० मीटर, खोली दीडशेच्या घरात. तळाशी खारं सरोवर.

लोणारची कथा आपण लवणासुरापासून ऐकतो. विष्णूनं त्याला मारला, म्हणून दैत्यसूदनाचं देऊळ. लिखित इतिहासात ऐन-इ-अकबरीत लोणारचा उल्लेख येतो तो उत्पन्नासाठी. इथल्या क्षारांपासून काच आणि साबण बनत आणि सरकारला त्याचा महसूल मिळे. सरोवराचं पाणी आटलं की काठावर जे क्षार जमत त्यांना लोणारच्या लोकांनी वेगवेगळी नावं दिलेली होती: दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ज्या लोकांना शास्त्र शिकलेलं नव्हतं त्यांनी सोड्याच्या क्षारांची प्रतवारी करून ठेवली होती. मंगळावरच्या गाड्या करोडो डॉलर खर्चून जी कामं करतात त्यातलं एक हेच: कुठला क्षार आधी बसला, कुठला नंतर.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारची नोंद केली. मग वाद सुरू झाला की हा खड्डा पडला कशानं. सगळीकडे लाव्हाचा खडक, तेव्हा हे ज्वालामुखीचं तोंड असणार हे ओघानंच आलं. अमेरिकेतला नामवंत भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यानं १८९६ सालीच ॲरिझोनातलं विवर आणि लोणार यांचं साम्य टिपलं होतं, तरी आपल्याकडे उल्केचं मत मूळ धरायला विसावं शतक अर्धं उलटून जावं लागलं. १९६४ साली लाफाँड आणि डीट्झ यांनी "हे उल्काविवर असावं का?" असा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला. मग १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांनी सायन्स या नियतकालिकात पुरावाच मांडला. त्यांना लोणारच्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं होतं.

हे मॅस्केलिनाइट म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्याच्यावर प्रचंड दाबाचा तडाखा एका क्षणात बसला तर त्याची स्फटिकांची रचना मोडते आणि त्याची काच होते. आकार तसाच, आत मात्र सगळं विस्कटलेलं. असा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. आकाशातून येऊन आदळणाराच देतो.

आणि गंमत बघा. हे मॅस्केलिनाइट जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतात पडलेल्या दगडात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला एक उल्का पडली. १८७२ साली चेरमाक नावाच्या व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञानं तिच्यात ही काच शोधली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९८० च्या दशकात, कळलं की शेरघाटीच्या जातीचे दगड मंगळावरून आलेले आहेत. त्या जातीच्या अंटार्क्टिकात मिळालेल्या एका दगडात अडकलेला वायू व्हायकिंग यानानं मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. म्हणजे मंगळावर काहीतरी आदळलं, तिथला बेसाल्ट तडाख्यानं काचेसारखा होऊन उडाला आणि फिरत फिरत बिहारच्या गावात येऊन पडला. आणि आमच्या लोणारला बाहेरून काहीतरी आदळलं नि इथल्या बेसाल्टची तीच गत झाली. एकाच अपघाताच्या दोन बाजू म्हणा. २००४ च्या एप्रिलमध्ये ऑपॉर्च्युनिटीला मेरिडियानीच्या मैदानात एक एकटा दगड भेटला. उतरताना तिच्या फुग्यांनी त्यावर टप्पा घेतला होता, म्हणून त्याचं नाव बाउन्स रॉक. त्याची घडण शेरघाटीच्या कुळातल्या दगडांशी जुळली.

आता लोणार मंगळासाठी का महत्त्वाचं, हे ध्यानात आलं असेल. पृथ्वीवर उल्काविवरं दोनशेच्या आसपास माहीत आहेत, पण बहुतेक दुसऱ्या खडकांतली. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा. बेसाल्टमध्ये पडलेलं, चांगलं टिकलेलं विवर बघायचं तर लोणारला यावं लागतं. ("जगातलं एकमेव" असं गाइड सांगतात. ब्राझीलमध्ये बेसाल्टमधली आणखी काही आहेत, पण ती झिजून गेलेली. आपला अभिमान थोडा कमी केला तरी लोणारचं काही बिघडत नाही.) वय मात्र अजून नक्की नाही. एका पद्धतीनं बावन्न हजार वर्षं आलं होतं, २०११ साली दुसऱ्या पद्धतीनं पावणेसहा लाखांच्या जवळ आलं. दहापटीहून जास्त फरक!

मंगळाच्या गाड्यांना लोणारचा उपयोग असा: स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीवर एक उपकरण होतं, दुरूनच दगडातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून त्यातली खनिजं ओळखणारं. ते करणारे फिलिप क्रिस्टेन्सन, ॲरिझोनाच्या विद्यापीठातले. पण ओळखायचं तर आधी ओळखीचा नमुना हवा. तडाखा बसलेला बेसाल्ट त्या किरणांत कसा दिसतो, हे प्रयोगशाळेत कधीतरी बघून ठेवलेलं असायला हवं. तो नमुना कुठून आणणार? शॉन राइट, क्रिस्टेन्सन आणि थॉमस शार्प यांनी लोणारचे दगड घेतले. थोडा तडाखा बसलेले, जास्त बसलेले, पार वितळलेले, असे सगळे, आणि एकेकाचे किरण मोजले. २०११ साली ते छापून आलं. पोलीस ठाण्यात ओळखपरेडीला जशी माणसं उभी करतात तसे आमच्या जिल्ह्याचे दगड तिथं उभे राहिले.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं काम, कारण ते पाण्याचं आहे. हॉर्टन न्यूसम हे न्यू मेक्सिको विद्यापीठातले संशोधक. जस्टिन हॅगर्टी आणि त्यांनी २००३ साली लोणारच्या तळातून पूर्वी बोअर करून काढलेल्या दगडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सॅपोनाइट जातीची चिकणमातीची खनिजं होती. याचा अर्थ असा की उल्का पडल्यावर फुटलेला खडक बराच काळ गरम राहिला, भेगांतून पाणी फिरलं आणि त्या ऊन पाण्यानं काळ्या दगडाची माती केली. म्हणजे विवर हा नुसता खड्डा नसतो. काही काळापुरती ती पाणी तापवायची चूल असते. मंगळावर तर अशी असंख्य विवरं आहेत.

आणि न्यूसम व त्यांचे सहकारी लोणारच्या काठाबाहेर, उडून पडलेल्या दगडमातीच्या थरात, पाण्यानं बदललेल्या जागा शोधत फिरत होते तो महिना कुठला? जानेवारी २००४. वर मंगळावर स्पिरिट काळ्या दगडांत पाणी शोधत होती आणि खाली आमच्या जिल्ह्यात ही मंडळी काळ्या दगडांत पाणी शोधत होती. तेव्हा जिल्ह्यातल्या पेपरात पहिल्याची बातमी होती, दुसऱ्याची माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

लोणारला गेलात तर एक गोष्ट मुद्दाम बघा. वर काठाशी गोमुखाची धार आहे, बारा महिने वाहणारी. पाणी गोड. लोक अंघोळ करतात, तीर्थ म्हणून पितात. तीच वाट धरून खाली सरोवरापाशी जा. पाण्याचा सामू दहाच्या वर, हाताला बुळबुळीत लागतं. काठावर कमळजादेवीचं देऊळ आणि जवळच सासू-सुनेची विहीर. सरोवर खाली गेलं की ती दिसते. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, अशी तिची ख्याती. (कुठली बाजू सासूची हे विचारू नका, उत्तर सांगणाऱ्यावर अवलंबून आहे.) श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यात भूशास्त्र आहे. काठाच्या खडकातून झिरपणारं गोड पाणी आणि बाहेर जायला वाट नसल्यानं आटून आटून खारं झालेलं पाणी, दोन्ही एकाच खड्ड्यात हाकेच्या अंतरावर. म्हणजे "अमुक विवरात पाणी होतं" एवढ्यानं काही कळत नाही. विवराच्या कुठल्या भागात, कुठल्या थरात, हे विचारावं लागतं.

अर्थात खारं म्हणजे मेलेलं, असंही नाही, हे लोणारच शिकवतं. त्या पाण्यात मासे नाहीत, पण सूक्ष्म जीव भरपूर. एरवी सरोवर हिरवं दिसतं ते त्यांच्यामुळेच. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि देशभर बातम्या झाल्या. पाणी कमी होऊन खारेपणा वाढला, तेव्हा मिठात रमणाऱ्या जिवांची चलती झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून तसं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हा "मंग काय कामाचं?" हे शेतकऱ्याच्या आणि पिणाऱ्याच्या दृष्टीनं बरोबर असलं तरी जीवाणूंच्या दृष्टीनं नाही. मोठेबाबांशी यावर वाद घालायला मजा आली असती, पण ते तोवर राहिले नव्हते.

आता क्युरिऑसिटी. ६ ऑगस्ट २०१२, सोमवार, आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा. नऊशे किलोची गाडी दोरांना लटकवून खाली सोडली. उतरली ती गेल विवरात. १५४ किलोमीटर रुंद. सोनाळा आणि लोणार दोन्ही त्या एका खड्ड्यात मावतील. त्या गाडीच्या मानेवर एक लेसर आहे. काही मीटर अंतरावरच्या दगडावर मारला की ठिणगी उडते आणि ठिणगीच्या प्रकाशावरून दगडात काय काय आहे ते कळतं. १९ ऑगस्टला पहिल्यांदा तो लेसर एका दगडावर चालवला. त्या उपकरणाच्या शास्त्रज्ञांच्या चमूत कोण होते? हॉर्टन न्यूसम. लोणारच्या मातीत हात घातलेला माणूस!

फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीनं एका सपाट खडकाला भोक पाडलं, अंगठ्याएवढं रुंद, जेमतेम साडेसहा सेंटिमीटर खोल. वरून तांबडा मंगळ आतून करडा निघाला. पिठी तपासली तर त्यात पाचव्या हिश्शाच्या आसपास चिकणमातीची खनिजं, सॅपोनाइटच्याच कुळातली. क्षार कमी. पाणी ना आंबट ना तुरट. १२ मार्च २०१३ रोजी नासानं जाहीर केलं. मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ जॉन ग्रोटझिंगर यांच्या सांगण्याचा आशय असा होता की तुम्ही त्या काळी तिथं असता तर ते पाणी पिऊ शकला असता.

गोड होतं. मोठेबाबांनी विचारलं त्याला बरोबर नऊ वर्षं झाली होती.

या प्रवासाची किंमत चाकांनी दिली. क्युरिऑसिटीची चाकं ॲल्युमिनियमची, पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर. २०१३ सालातच त्यांना भोकं पडायला लागली. वाऱ्यानं घासून घासून दगडांना धार आली होती आणि ते जमिनीत घट्ट रुतलेले. सुटा गोटा चाकाखाली सरकतो. रुतलेला सरकत नाही, तो चाकातून आरपार जातो. मुरमाड रानात बैलगाडी हाकलेल्या कुणालाही हे सांगता आलं असतं. मग वाट बदलली, दगड टाळत जाणं आलं. स्पिरिटचं तर एक पुढचं चाक २००६ साली कायमचं बंद पडलं. ती उलटी होऊन ते चाक फरफटत न्यायची. २००७ मध्ये त्या फरफटीनं खालची पांढरी माती उघडी पडली, तर ती नव्वद टक्के सिलिका. गरम पाण्याच्या झऱ्याशिवाय किंवा वाफेशिवाय ती तशी होत नाही. धड चाकानं ती दिसली नसती.

मग या सगळ्याचा आमच्या पट्ट्यातल्या माणसाला फायदा काय? सरळ उत्तर द्यायचं तर काही नाही. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत किडनीच्या आजाराची घरं मी पाहिली आहेत. खाऱ्या पाण्याचा त्याच्याशी नेमका किती संबंध हा डॉक्टरांचा विषय आहे, पण त्या घरातल्या बाईला तुम्ही मंगळावरचं पाणी गोड होतं हे सांगून बघा. वान धरणाचं पाणी नळानं गावोगाव आणणं, ते रोज येणं, हे आमचं खरं काम. ते नासानं करायचं नाही, आपण करायचं आहे. "गाडीवर एवढा पैसा कशाला" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही, कारण तो पैसा वाचला असता तर आमच्या नळाला आला असता असं मुळीच नाही. पण त्या घरांतून बाहेर पडताना हा प्रश्न मनात येतो, तेवढा येऊ द्यावा.

लोणारचं मात्र आपल्या हातात काही आहे. तडाख्यानं उडालेली दगडमाती काठाच्या बाहेरही पसरलेली आहे, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधाला. बघणाऱ्याला तो साधा मुरूम वाटतो. तो उचलून भरावाला टाकला की गेला, पुन्हा होणार नाही. आणि काठावर हिंडताना चमकदार काचेचा तुकडा दिसला तर तिथंच राहू द्या. कपाटात ठेवून तो कुणाला काही सांगत नाही.

क्युरिऑसिटी अजून चालते आहे. गेल विवराच्या मधोमध पाच किलोमीटर उंचीचा डोंगर आहे, थरावर थर रचलेला, आणि गाडी २०१४ पासून तो चढते आहे. पायथ्याशी चिकणमातीचे थर, म्हणजे भरपूर, बऱ्यापैकी गोड पाण्याचा काळ. वर वर जावं तसे सल्फेट क्षारांचे थर, म्हणजे आटत चाललेल्या पाण्याचा काळ. २०२२ च्या शरदात ती त्या क्षारांच्या भागात पोचली. मे २०२४ मध्ये तिच्या चाकाखाली एक दगड फुटला आणि आतून पिवळे स्फटिक निघाले, शुद्ध गंधकाचे. २०२५ साली ती अशा जागी गेली जिथं जमिनीवर जाळीसारख्या उंच रेघा आहेत. खडकाच्या भेगांतून भूजल फिरलं, त्यातली खनिजं भेगांत बसून घट्ट झाली, आणि मधला मऊ खडक वाऱ्यानं नेला, तेव्हा रेघा उभ्या राहिल्या. म्हणजे वरची तळी आटल्यानंतरही खाली पाणी होतं. ते किती खोल होतं आणि किती काळ टिकलं, त्याचा शोध चालू आहे.